चार बोटं

जानेवारी. लष्करातला हॉल. सकाळचे सहा.
मुन्नालालनं अजून अर्धेच दिवे लावलेत.
दाराच्या फटीतून धुकं येतं म्हणून
खाली गोणपाट कोंबलंय.

टेबलावर नळ्या. रात्री न्हाणीघरात
एकेक नळी बादलीच्या वाफेवर धरली मी;
कोरडी पिसं पहिल्याच स्मॅशला मोडतात.
बायको दारातून म्हणाली, सर्दी कुणाला झालीय?

एक फूल काढतो.
(घरात आम्ही फूलच म्हणतो. मुन्नालाल चिडिया म्हणतो.)
बुचावर अंगठा दाबतो, फार मऊ नको.
पिसं सोळाच असतात, तरी मोजतो.
सगळी एकाच बाजूच्या पंखाची हवीत,
डावी तर डावी. उजवं एक जरी घुसलं
तरी फूल हवेत लंगडतं.
दिव्यासमोर धरतो: दांड्या सरळ, दोरा दोन वेढे, डिंक वाळलेला.
पावतीवर हंस लिहिलंय. हे बदक आहे.
असू दे. पंधराच्या आतल्या मुलांची स्पर्धा.

मग मागच्या रेघेवर उभा राहतो.
खालून वर, पूर्ण हात फिरवून,
बाजूच्या रेघेला धरून मारायचं.
पलीकडच्या टोकाला जमिनीवर दोन बारक्या खुणा आहेत.
फूल त्यांच्या मधे पडलं, तर ते फूल.

एकतीस वर्षं हेच करतोय.
मे महिन्यात पत्रा तापला की पंचाहत्तर नंबर,
या थंडीत सत्त्याहत्तर.
हे मला झोपेतही सांगता येतं,
आणि बायको म्हणते, मी सांगतोही.

आज सत्त्याहत्तर कमी पडलं.
पहिल्या खुणेच्या चार बोटं अलीकडे.
दुसरं तिथेच. तिसरं तिथेच.
नळी बदलली. तिथेच.
"ठंड बहुत है, सर," मुन्नालाल म्हणाला.
भला माणूस आहे.
अठ्ठ्याहत्तर काढ, मी म्हटलं.
अठ्ठ्याहत्तर दोन खुणांच्या मधोमध उतरलं,
आणि मी वहीत लिहून टाकलं: ७८.

तेवढ्यात खानवलकरांची रेवती आली,
कानटोपी, हातमोजे, मोज्यांच्या आत अजून मोजे.
काका, मी एक मारू?
हातमोजे काढून तिनं तोंडाची वाफ बोटांवर सोडली
आणि मारलं.
दुसऱ्या खुणेच्या चार बोटं पलीकडे.
परत मारलं. परत तिथेच.
फास्ट आहे, ती म्हणाली, कुणाला दुखवायचं नसलेल्या आवाजात,
म्हणजे तिला काहीच कळलं नव्हतं.
सत्त्याहत्तर द्या ना.
ते मधे पडलं. तीनदा.

मुन्नालाल उरलेले दिवे लावायला निघून गेला.

जुन्या नियमात शब्द होते:
साधारण ताकदीच्या खेळाडूनं मारून बघावं.
साधारण!
स्पर्धा एकही जिंकलो नाही मी, पण या एका शब्दावर
इतकी वर्षं ताठ चाललो.
दिवाळीत माळ्यावरून डबा काढताना खांद्यात काहीतरी सरकलं होतं.
मी ते डब्याच्या वजनावर ढकललं,
आणि आज थंडीवर ढकलणारच होतो.

वहीतला आठ खोडला. वर सात लिहिला.
अठ्ठ्याहत्तरच्या फोडलेल्या नळीचे पैसे
गल्ल्यात टाकले. ती मी घरी नेणार.
मला ती बरोबर पडते.

शेवटच्या रकान्यात छापलंय: तपासणाऱ्याचं नाव.
पेन थांबलं थोडं. मग लिहायला लागलो.
रेवती खांद्यावरून वाकून बघत होती,
त्याच, दुखऱ्या.
ळ नाही काका, ती म्हणाली,
खानवलकर. ल.